पत्ता अपुरा

टपाल खात्यात ३८ वर्षे घालविलेल्या मनुष्याची एक खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. कोणाच्याही घरी गेलो व मेजावर एखादे पाकीट पडलेले दिसले, की माझी दृष्टी आधी पत्त्याकडे वळते. आमच्या खानापूर तालुक्यात एकाच थैलीतून मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील पत्ते येत. गोव्याकडून येणाऱ्या कोकणी पत्रांवर रोमी अक्षरे असत. गाव एकच, पण त्याची नावे चार तऱ्हांनी लिहिलेली. ज्या पत्राचा धनी काही केल्या सापडत नसे, त्यावर 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून ते परत धाडावे लागे. आत कोणी कोणाला किती कळवळून लिहिले आहे, याच्याशी टपालाला कर्तव्य नसते.

ही खोड उतारवयात मला शरीरशास्त्राचा एक धडा समजावून देईल असे स्वप्नातही वाटले नव्हते. तो धडा मला माझ्या भाच्याने दिला. आणि त्याला तो शिकावा लागला तो त्याच्या स्वतःच्या आजारामुळे.

माझ्या धाकट्या बहिणीला दोन अपत्ये. थोरली मुलगी, आणि तिच्या पाठीवर २००१ साली झालेला हा मुलगा. अंगाने काटकुळा, पण मोठा चलाख. रविवारी मिस्साच्या वेळी वेदीपाशी सेवा करावयास तो सर्वांच्या आधी हजर असे. २०१३ च्या पावसाळ्यात, तो १२ वर्षांचा असताना, एक विचित्र गोष्ट आमच्या ध्यानात आली. प्रार्थनेच्या वेळी इतर मुले डोळे मिटून स्तब्ध उभी राहात, आणि हा मात्र डोळे मिटताच वाऱ्यावरच्या बांबूप्रमाणे डुलू लागे. एकदा तो सरळ पुढे कोसळला व हातातील घंटी फरशीवर गडगडत गेली. लोक म्हणाले, उपाशीपोटी आला असेल. पुढे अंधारात मागील दारी जाताना तो पडू लागला. दिवसा ठीक, रात्री लटपट. पायातील चपला वाटेत गळून पडत, आणि अक्षर, जे मोत्यांसारखे होते, ते ओळ सोडून भरकटू लागले. त्या अक्षरापायी शाळेत त्याने छड्या खाल्ल्या. पंधराव्या वर्षी तर बसथांब्यावर एका गृहस्थाने त्याच्या चालण्याकडे पाहून, "इतक्या लहान वयात पितोस काय रे?" असे चारचौघांत विचारले. तो घरी येऊन कोणाशी बोलला नाही. हे मला कित्येक महिन्यांनी कळले.

जवळच्या दवाखान्यात शक्तीच्या गोळ्या मिळाल्या. एका मोठ्या इस्पितळात मुलगा आळशी आहे असे सांगण्यात आले. अखेर २०१६ साली बंगळूरच्या एका वयस्क डॉक्टरसाहेबांनी त्याला पाय जुळवून उभे केले, डोळे मिटावयास सांगितले, आणि तो पडण्यापूर्वीच त्याला अलगद धरले. मग गुडघ्यावर लहानशी हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही. तळपायाची उंच कमान पाहिली, पाठीचा बाक पाहिला, छातीला नळी लावून बराच वेळ हृदय ऐकले. रक्त तपासणीस गेले, आणि काही आठवड्यांनी रोगाचे नाव आले: फ्रीडराइखचा अटॅक्सिया.

हाइडेलबर्ग येथील प्राध्यापक निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ साली काही कुटुंबांतील भावंडांमध्ये हा रोग पाहून त्याचे प्रथम वर्णन केले. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ५०,००० माणसांत एकाला तो होतो. आपल्या देशातही त्याचे रुग्ण आहेत. पायांतून, सांध्यांतून मेंदूकडे जी वार्ता सतत जात असते, म्हणजे पाय कुठे टेकला, गुडघा किती वाकला, ती वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या पेशी मणक्यांच्या लगत लहान लहान गाठींमध्ये असतात. या रोगात त्या प्रथम झिजतात. पायांची वार्ता बंद पडली की मनुष्य डोळ्यांनी पाहून पाय टाकतो. डोळे मिटले किंवा दिवा विझला की त्याला स्वतःचे पाय सापडत नाहीत. घंटी का पडली, याचा उलगडा आम्हांस तीन वर्षांनी झाला. पुढे तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूचा एक भाग व हृदयाचे स्नायूही या रोगाच्या तावडीत सापडतात. बुद्धीला मात्र तो सहसा शिवत नाही. जे घडत आहे ते सारे रुग्णाला समजत असते.

त्यानंतर जे झाले ते लिहावे की न लिहावे, असा मला प्रश्न पडला होता. बहिणीनेच लिही म्हटले, म्हणून लिहितो.

डॉक्टरसाहेबांनी समजावताना सांगितले होते की, शरीराच्या प्रत्येक पेशीत 'मायटोकाँड्रिया' म्हणून सूक्ष्म चुली असतात. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांना तंतुकणिका म्हणतात. अन्नापासून शक्ती निर्माण करावयाचे काम त्यांचे, आणि या रोगात त्यांतच बिघाड होतो. नात्यातील एका शिकल्यासवरल्या माणसाने हे ऐकले आणि घरी येऊन जाहीर केले की तंतुकणिका लेकराला केवळ आईकडून मिळतात. तेव्हा दोष आईचा. हे अर्धे ज्ञान अडाणीपणाहून वाईट ठरले. माझी बहीण त्या दिवसापासून मान वर करून बोलेनाशी झाली. सासूबाई उघड काही बोलल्या नाहीत, पण सुनेच्या हातचा चहा त्यांना गोड लागेना. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. हे घराण्यातले आहे अशी कुजबूज गावात पसरली, आणि ती बोलणी तेथेच थांबली.

भाचा त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचा. हातात पेन धरवेना, परंतु मोबाईलवर बोट चाले. त्याने वाचावयास आरंभ केला. इंग्रजी अडले की शब्दकोश, शास्त्र अडले की पुन्हा पहिल्यापासून. त्याची जीभ अलीकडे जड झाली आहे. शब्द ओढून ओढून येतात. एके संध्याकाळी त्याने आईला, मला व आजीला ओसरीवर बसवून घेतले आणि म्हणाला, "मामा, तुम्हांला हे लगेच कळेल. हे सारे टपालाचे काम आहे."

त्याने सांगितले ते असे. तंतुकणिकांजवळ स्वतःची एक अगदी लहानशी पोथी असते, आणि ती खरोखरच आईकडून येते. परंतु तिच्यात फक्त १३ प्रथिनांची कृती लिहिलेली आहे. तंतुकणिकेला लागणारी बाकीची हजाराहून अधिक प्रथिने पेशीच्या केंद्रकातील मोठ्या ग्रंथावरून बाहेर तयार होतात आणि मग तंतुकणिकेकडे रवाना होतात. फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन अशांपैकीच एक. त्याचे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे; १९९६ साली अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून ते शोधून काढले. आणि केंद्रकातल्या ग्रंथाची एक प्रत आईकडून येते, दुसरी बापाकडून.

या जनुकात एका ठिकाणी तीन अक्षरे पुनःपुन्हा लिहिलेली असतात. निरोगी माणसात ती फार तर ३०-३५ वेळा येतात. रुग्णांत हीच तीन अक्षरे शेकडो वेळा, कधी हजाराहून अधिक वेळा येतात. मंत्र म्हणता म्हणता एखाद्याची जीभ एकाच शब्दावर अडकावी तसे. त्यामुळे ते पान धड वाचले जात नाही व फ्रॅटॅक्सिन थोडे तयार होते. जे तयार होते ते बहुतेक रुग्णांत अगदी बरोबर असते. नाव बरोबर, पत्ता बरोबर. फक्त टपालच थोडे निघते.

"मग दोष कोणाचा?" सासूबाईंनी विचारले.

"एक पान आईचे, एक बाबांचे, आजी. दोन्ही पाने अशी निघाली तरच रोग होतो. बाबांकडचे पान तुमच्याकडून आले असेल किंवा आजोबांकडून."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने उठून आत गेल्या आणि स्वतः चहा करून घेऊन आल्या.

ज्याचे एकच पान बिघडलेले असते त्याला वाहक म्हणतात. त्याच्या पेशींत फ्रॅटॅक्सिन साधारण निम्मे असते, आणि तो ठणठणीत असतो. माझी बहीण पन्नाशी ओलांडून गेली. अद्यापि डोक्यावर दोन घागरी घेऊन विहिरीची चढण चढते. युरोपात सुमारे शंभरातील एक माणूस असा वाहक आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. रुग्णाकडे मात्र पाव हिश्शाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी उरते. दोन वाहकांचा संसार झाला तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक. भाचीने हे ऐकले व दुसऱ्या स्थळाला पहिल्याच भेटीत सारे स्वतः सांगितले. तो मुलगा समंजस निघाला; त्याने रक्त तपासून घेतले. २०२२ साली त्यांचे लग्न झाले.

आता औषधाकडे वळतो. वाचक म्हणतील, प्रथिन कमी आहे तर ते बाहेरून द्यावे. मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिन टोचतात तसे. मलाही हेच वाटले होते. परंतु इन्सुलिनला पेशीच्या दारावर थाप मारली की पुरते; त्याचा निरोप दारातूनच आत घेतला जातो. फ्रॅटॅक्सिनला स्वतः आत जावयाचे असते, आणि तेही पेशीत शिरून थांबावयाचे नाही, तर पेशीतल्या तंतुकणिकेच्या दोन भिंती ओलांडून अगदी माजघरात जाऊन बसावयाचे. नुसते टोचले तर ते रक्तात फिरते आणि नष्ट होते. माझ्या भाषेत सांगावयाचे, तर पत्ता अपुरा.

प्रथिनांना पत्ता असतो हे प्रथम दाखविणारे शास्त्रज्ञ म्हणजे न्यू यॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठाचे ग्युंटर ब्लोबेल. प्रत्येक प्रथिनाच्या अंगातच त्याने पेशीत कोठे जावे याची खूण असते, या शोधाबद्दल त्यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भाच्याने हे सांगताच मला आपला पिनकोड आठवला. सहा आकड्यांची ती युक्ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. पाकिटावरील गावाचे नाव कोणत्याही लिपीत असो, आकड्यांवरून थैली बरोबर जागी पडते. आमचे अर्धे आयुष्य त्या आकड्यांनी सुखाचे केले. ब्लोबेल यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. महायुद्धाच्या अखेरीस, आठ वर्षांचे असताना, घरच्यांबरोबर पळून जाताना त्यांनी ड्रेस्डेन शहराचे मनोरे पाहिले होते. काही दिवसांतच, फेब्रुवारी १९४५ मध्ये, ते शहर बाँबवर्षावात जळून गेले. पारितोषिकाची जवळजवळ सर्व रक्कम त्यांनी तेथील पडलेले चर्च पुन्हा उभारण्यासाठी व नव्या यहुदी प्रार्थनामंदिरासाठी देऊन टाकली. ते चर्च २००५ साली पुन्हा उघडले.

तंतुकणिकेचा पत्ता कसा असतो, हे बाझेल येथे गॉटफ्रीड शाट्झ यांच्या प्रयोगशाळेत १९८४ साली एका नामी प्रयोगाने सिद्ध झाले. तंतुकणिकेत जाणाऱ्या एका प्रथिनाच्या टोकाचा तुकडा त्यांनी उंदराच्या एका परक्या प्रथिनाला जोडला. या दुसऱ्या प्रथिनाचा तंतुकणिकेशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु तुकडा जोडताच तंतुकणिकेने ते बिनतक्रार आत घेतले. म्हणजे दारावर माल पाहात नाहीत, पत्ता पाहतात. आत गेल्यावर तेथील एक विकर तो पत्त्याचा तुकडा कापून टाकते. फ्रॅटॅक्सिन २१० अमिनो आम्लांचे तयार होते. पत्ता कापून झाल्यावर आत १३० उरतात, आणि तेच कामाचे. लोह व गंधक यांचे जे बारीक जोड शक्तिनिर्मितीच्या यंत्राला लागतात ते घडविण्यास ते मदत करते. ते नसले की लोह तंतुकणिकेत साचून राहते आणि चूल मंदावते.

दारही अरुंद. १९८६ साली त्याच प्रयोगशाळेने त्याच परक्या प्रथिनाला मेथोट्रेक्सेट या औषधाने घट्ट आवळून टाकले. पत्ता असूनही ते दारात अडकले. घडी उलगडल्याशिवाय कोणत्याही प्रथिनाला तेथून जाता येत नाही. आमच्या जुन्या घरात आजोबांचा शिसवी पलंग असाच दारात अडला होता. चारी पाय सुटे केले, फळ्या काढल्या, आत नेऊन पुन्हा जोडला. पेशी हा उद्योग क्षणोक्षणी करीत असते.

पण हे झाले तंतुकणिकेचे दार. त्याआधी पेशीचे बाहेरचे दार आहे. त्याची किल्ली जेथे सापडली, ते ऐकून माझी बहीण दचकून उभीच राहिली.

१९८८ साली अमेरिकेत दोन निरनिराळ्या शास्त्रज्ञांच्या गटांना असे आढळले की, एड्सच्या विषाणूचे 'टॅट' नावाचे एक प्रथिन पेशींच्या भोवती सोडले, तर ते आपण होऊन आत शिरते. पुढे शोध घेता, त्यातला अवघ्या ११ अमिनो आम्लांचा एक तुकडा हे काम करतो असे दिसले. १९९९ साली सेंट लुईस येथे स्टीव्हन डाउडी यांच्या गटाने तो तुकडा एका भल्यामोठ्या प्रथिनाला जोडून उंदरांना टोचला, आणि ते प्रथिन निरनिराळ्या इंद्रियांत, मेंदूतसुद्धा, पोहोचल्याचे दाखविले.

"एड्सचा तुकडा माझ्या लेकराच्या अंगात?" बहीण म्हणाली.

"आई, चोराच्या जुडग्यातली एक किल्ली घेतली म्हणून चोर घरात येत नाही," भाचा म्हणाला. विषाणू म्हणजे त्याचा सारा ग्रंथ आणि सारी हत्यारे. त्या ११ दाण्यांच्या माळेत रोग निर्माण करण्याची शक्ती नाही. बहिणीला हे पटण्यास दोन दिवस लागले. मला तर दारे उघडण्याची ती किल्ली नेमकी कशी चालते यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, हे वाचून मौज वाटली. पुष्कळसा माल पेशीच्या देवडीवरच, लहान लहान पिशव्यांत अडकून पडतो, एवढे मात्र सर्वांना मान्य आहे.

आणि येथेच एक सूक्ष्म अडचण होती, जी मला या साऱ्या हकिकतीत फार आवडली. टॅट हा असा हमाल आहे की त्याला सर्व दारे मोकळी. तो आत जातो तसाच बाहेरही येतो, आणि पाठीवरचे ओझे खाली न ठेवता येतो. मग उपयोग काय? बालहृदयरोगतज्ज्ञ मार्क पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. त्यांनी हमाल आणि माल यांच्यामध्ये तंतुकणिकेचा पत्ता ठेवला. हमाल पेशीत शिरला. पत्त्यामुळे माल तंतुकणिकेच्या आत ओढला गेला. तेथील विकराने नेहमीप्रमाणे पत्ता कापला, आणि पत्त्याबरोबर हमालही वेगळा झाला. माल आत राहिला. परत नेणार कोण? चमकणारे एक प्रथिन बांधून २००३ साली त्यांनी हे दाखविले, आणि गाभण उंदरींत तो माल वारेतून पोटातल्या पिलांपर्यंत गेल्याचेही आढळले.

नंतर मालाच्या जागी फ्रॅटॅक्सिन आले. ज्या उंदरांच्या हृदयातून फ्रॅटॅक्सिन काढून टाकले होते, ते लवकर मरत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना हे जोडप्रथिन टोचले, तेव्हा त्यांचे आयुष्य ५३ टक्क्यांनी वाढले व हृदयाची क्रिया सुधारली. भाच्याने हा आकडा वाचून दाखविला तेव्हा बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाला, "आई, ते उंदीर पुढे मेलेच. फक्त उशिरा." असे बोलणे मला कठोर वाटले. परंतु त्याला आईची आशा मोजून मापून ठेवावयाची होती, हे मला मागाहून कळले.

याच कल्पनेवर माणसांसाठी नोमलाबोफस्प नावाचे औषध तयार झाले आहे. कातडीखाली टोचावयाचे. त्याच्या चाचण्या सुरू झाल्यावर, मे २०२१ मध्ये, मोठ्या मात्रेने माकडे दगावल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या थांबविल्या. पुढील वर्षी कमी मात्रेने, जपून, पुन्हा परवानगी मिळाली. रुग्णांच्या त्वचेतील फ्रॅटॅक्सिन वाढल्याचे दिसून आले. तसेच काही रुग्णांना ॲलर्जीचे तीव्र झटके आले, ज्यांत तातडीने उपचार न केल्यास जिवावर बेतते. त्वचा, गालाच्या आतली कातडी, येथून चिमूटभर पेशी काढून मोजता येतात. मणक्यांजवळच्या गाठीत किंवा हृदयात किती पोहोचले, हे जिवंत माणसात कोण उघडून पाहणार? तरी एक गोष्ट आशेची आहे. मेंदू व रक्त यांच्यामध्ये जो कडक पहारा असतो, तो त्या गाठींपाशी बराच सैल आहे. रक्तातून आलेली वस्तू तेथवर जाऊ शकते. लहान मेंदूचे तसे नाही. आणि ज्या पेशी मरून गेल्या, त्यांच्या दारात कितीही टपाल टाकले तरी उघडणारे कोणी नाही.

म्हणूनच भाचा लवकर, लवकर म्हणतो. त्याच्या आजारावर एक औषध फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आहे, ओमॅव्हेलोक्सोलोन नावाचे. ते फ्रॅटॅक्सिन पुरवीत नाही, रोगाची चाल मंद करते. २०२३ साली त्याची तेथील जाहीर किंमत वर्षाला सुमारे ३,७०,००० डॉलर होती. आम्ही हा आकडा एकदा रुपयांत मोजला व पुन्हा मोजला नाही.

एक प्रश्न मी त्याला मुद्दाम विचारला. "समजा, ते टोचणारे औषध उद्या सिद्ध झाले. तुझ्या प्रत्येक पेशीत, प्रत्येक तंतुकणिकेत ते पुरते भरले जाईल, असे थोडेच आहे? तू स्वतःच म्हणतोस, अर्धा माल देवडीवर अडकतो."

तो हसला. हसताना त्याची मान जराशी थरथरते. "मामा, पुरते कोणाला हवे आहे? आईकडे तरी कुठे पुरते आहे? आईइतके झाले की पुरे."

माझी बहीण तांदूळ निवडीत बसली होती. ज्या रक्तावर गावाने बोट ठेवले होते, तेच आता औषधाचे माप ठरले होते. तिने वर पाहिले नाही. सुपातले खडे मात्र ती दोन-दोनदा तपासू लागली.

आज तो पंचविशीच्या घरात आहे. बी. ए. ची परीक्षा त्याने लेखनिक घेऊन दिली. घरात भिंतीच्या व लोखंडी वॉकरच्या आधाराने चालतो. बाहेर जावयाचे तर खुर्ची. दर सहा महिन्यांनी हृदयाची तपासणी होते, आणि त्या कागदावरील आकडे तो मला वाचू देत नाही, स्वतःच वाचतो.

बहिणीच्या घरी ओसरीपासून त्याच्या खोलीपर्यंत रात्रभर दिवा जळत असतो. गेल्या महिन्यात मी तेथे मुक्कामाला होतो. रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. वाटेतल्या अंधारात वॉकर थांबल्याचा आवाज आला व मग त्याची हाक आली, "आई, पाय." बहीण बॅटरी घेऊन धावली. तिने उजेड त्याच्या तोंडावर धरला नाही, वाटेवरही धरला नाही. ती जमिनीवर बसली आणि त्याच्या दोन पावलांवर बॅटरी धरून, तो पुढे सरकेल तशी मागे मागे सरकत राहिली.